हमालीच्या मापाने घरपट्टी

आमच्या नगराध्यक्षांनी, अप्पांनी, माईक हातात घेतला तेव्हा मी मंडपाच्या मागच्या बाजूला भजी खात उभी होते. नव्या बगीच्याचं उद्घाटन होतं. अशा कार्यक्रमात लेखापालाला काम नसतं. बिल नंतर येतं, तेव्हा काम असतं. म्हणून मी निवांत होते.

"लोकं म्हणून राहिले, अप्पा घरपट्टी दीडपट करून राहिले," अध्यक्ष बोलत होते. "हाव, करणार हाय. पण एक गोष्ट सगळ्यांसमोर सांगतो. दहा वर्षांत नगरपरिषदेचा खर्च तुमच्या कमाईपेक्षा जास्त वाढला असंल, तर मी दीडपट करणार न्हाई. आन् खर्च कमाईच्या मापात असंल, तर कुणी कुरकुर करायची न्हाई. आमच्या लेखापाल मॅडम हिसाब मांडतील. त्या काय तिथं मागं भजी खाऊन राहिल्यात."

सगळा मंडप मागे वळून हसला. मीही हसले, दुसरं काय करणार. भजी मात्र तशीच ठेवून दिली. खर्चाचा हिशोब माझ्या कपाटात होता. लोकांच्या कमाईचा हिशोब कुणाच्याच कपाटात नव्हता.

हे गाव लातूर आणि नांदेडच्या मधलं. नाव सांगत नाही, तिथल्या माणसांवर माझा जीव आहे आणि त्यांना चिडवलेलं आवडत नाही. मी मूळची किनवटकडची. जंगलातल्या खेड्यातून वसतिगृहात आले, तिथून परीक्षा देऊन लेखा सेवेत. आमची नोकरी बदलीची. आज या नगरपरिषदेत, तीन वर्षांनी दुसरीकडे. काम एकच: गावाचा पैसा कुठून आला, कुठे गेला, ते लिहिणं. आणि दरवर्षी अंदाजपत्रक करणं, म्हणजे पुढच्या वर्षी किती येईल आणि किती जाईल याचा आधीच मांडलेला अंदाज.

अध्यक्षांना सगळं गाव वीरभद्रअप्पा म्हणायचं. कपाळावर विभूती, पांढरा शर्ट, आवाज असा की माईकची गरज नाही. त्यांची मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, डाळमिल होती. सकाळची पूजा झाल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही करायचे नाहीत, आणि पूजा झाल्यावर कुठल्याही कागदावर करायचे. मनाने मोठा माणूस. एकच हौस होती. लातूरकडून येणाऱ्या रस्त्यावर त्यांना गावाची स्वागत कमान हवी होती, दगडी, दोन बाजूंना दोन नंदी. घरपट्टीच्या वाढीत ती कमान बसली होती.

दुसऱ्या दिवशी मुख्याधिकाऱ्यांनी बोलावलं. नगरपरिषदेचा कारभार चालवणारा सरकारी अधिकारी तो मुख्याधिकारी. आम्ही सीओ म्हणतो. आमचे सीओ साताऱ्याकडचे, तरुण, पहिलीच पोस्टिंग.

"मॅडम, असा हिशोब असतो का?"

"खर्चाचा असतो, साहेब. कमाईचा नसतो."

"पण लोक टॅक्स भरतात ना आपल्याकडे?"

"घरपट्टी भरतात. ती घरावर असते. खोल्या किती, स्लॅब की पत्रा, रस्ता कोणता. आत राहणारा काय कमावतो ते आपण विचारत नाही. विचारलं तर तो सांगणारही नाही."

"मग अप्पांनी शब्द कशाच्या जोरावर दिला?"

"अप्पांना खात्री आहे की लोक श्रीमंत झालेत."

सीओंनी डोक्याला हात लावला. हरकतींची सुनावणी तीन आठवड्यांवर आली होती. घरपट्टी वाढवायची तर आधी गावाला कळवावं लागतं. ज्याची हरकत असेल त्याने लिहून द्यायची, मग सगळ्यांना बोलावून ऐकून घ्यायचं. त्या दिवशी माझा तक्ता सगळ्यांसमोर वाचला जाणार होता.

मी खर्चापासून सुरुवात केली. त्यात एक मेख असते. वरून सरकारचा पैसा येतो, एखाद्या मोठ्या कामासाठी. आमच्याकडे नळयोजना झाली होती, त्या वर्षीचा खर्च बघितला तर डोळे फिरतील. पण तो गावाच्या खिशातला नव्हता आणि दरवर्षी होणारही नव्हता. तो मी बाजूला काढला. उरला तो गावाने स्वतःच्या पैशाने केलेला खर्च: पगार, दिवाबत्ती, साफसफाई, पाणी, आणि सत्कार. होय, सत्कार. शाल, श्रीफळ, हार, फोटो. आमच्याकडे त्याला स्वतंत्र हेड आहे. हेड म्हणजे खर्चाचा एकेक कप्पा.

या कप्प्यांची आमच्याकडे एक रीत आहे. अंदाजपत्रक करताना कुणी नव्याने विचार करत नाही. मागच्या वर्षीचा आकडा घ्यायचा, दहा टक्के वाढवायचे, खाली ओढायचं. एक्सेलमध्ये तर आता कोपरा धरून माऊस ओढला की सगळे कप्पे एका दमात वाढतात. कप्पा बंद मात्र कुणी करत नाही. एकदा बंद केला की परत उघडायला सभेची मंजुरी लागते, आणि मंजुरीला दहा प्रश्न. त्यामुळे नळयोजना होऊन गावातले टँकर कधीच बंद झाले, तरी टँकरचा कप्पा तसाच होता. तोही दरवर्षी दहा टक्क्यांनी वाढत होता. मार्च आला की त्यातला पैसा उचलून रोषणाईत नाही तर सत्कारात टाकायचा. मीही आल्यापासून दोनदा तो कोपरा ओढला होता. गावात टँकर कुठे दिसत नव्हता, पण कागदावर चांगला धष्टपुष्ट झाला होता.

बेरीज झाली. दहा वर्षांत गावाचा स्वतःचा खर्च दुपटीच्या बराच पुढे गेला होता. आता समोरचा रकाना: कमाई.

पहिला विचार तहसीलचा आला. तिथे उत्पन्नाचे दाखले निघतात, दरवर्षी ढिगाने. ओळखीच्या नायब तहसीलदारांकडे गेले. ते म्हणाले, "बघा की. पण हसू नका." मी बघितले आणि हसले. सगळ्या गावाचं उत्पन्न एकसारखं होतं, योजनेच्या मर्यादेच्या जरासं खाली. वर्षानुवर्षं तिथेच. मग सरकारने मर्यादा वाढवली, तर त्याच महिन्यात सगळ्या गावाचं उत्पन्न वाढून नव्या मर्यादेच्या जरासं खाली येऊन थांबलं. इतकी शिस्त मी कुठल्या शाळेतही पाहिली नाही.

अप्पांनी फोनवर आपली युक्ती सांगितली. "मॅडम, मोंढ्यात उभं राहून गाड्या मोजा. घरटी दोन मोटारसायकली हायत. कमाई नसती तर आल्या कुठून?"

"हप्त्यावर आल्या, अप्पा."

"मग हप्ते भरायला कमाई लागतीच ना?"

बोलायला ठीक होतं. पण गाडी दारात उभी आहे आणि हप्ता थकलाय, अशी घरं मला माहीत होती. ते माप मी सोडून दिलं.

एव्हाना माझ्या लक्षात आलं होतं की आमच्या गावात एका माणसाच्या तीन कमाया असतात. तहसीलमध्ये सांगायची वेगळी, सोयरीक जुळवताना सांगायची वेगळी, आणि बायकोला सांगायची वेगळी. खरी चौथी. लोक वाईट नव्हते. कमाई विचारणारा माणूस काहीतरी द्यायला आलाय की न्यायला आलाय, हे बघून ते उत्तर द्यायचे. मला मात्र झोप लागेना. शब्द अप्पांनी दिला होता आणि तोंडघशी मी पडणार होते.

सभेच्या विषयपत्रिकेवर अप्पांची सही हवी होती म्हणून मिलवर गेले. तिथे ट्रक उभा होता आणि अप्पा ग्यानोबाशी भांडत होते.

ग्यानोबा मोंढ्यातला मुकादम. हमालांच्या टोळीचा म्होरक्या. मालकाशी दर ठरवायचा, पैसे एकत्र घ्यायचे आणि टोळीत वाटायचे, हे मुकादमाचं काम. पन्नाशीचा, खांद्यावर टॉवेल, बोलण्यात अप्पांपेक्षा तिप्पट वस्ताद. दोघं तरुणपणापासून भांडत होते आणि भांडण संपलं की एकाच किटलीतला चहा पीत होते.

"वरच्या थप्पीचा दर अलग हाय, अप्पा. मान वर करून टाकावं लागतंय."

"माझं दिवाळं काढ तू. मॅडम, तुम्हीच सांगा. या गावात हमालीएवढं काहीच वाढलं न्हाई."

"खरंच?" मी विचारलं.

"यालाच विचारा."

"वाढलंय तर," ग्यानोबा छाती काढून म्हणाला. "भांडून घेतलंय. फुकट न्हाई."

मी तिथेच थांबले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा दोन माणसं एकाच कमाईबद्दल एकच गोष्ट बोलत होती, आणि त्यातला एक देणारा होता, दुसरा घेणारा. हमालीचा दर मोंढ्यात कराराने ठरतो. दर काही वर्षांनी व्यापारी आणि हमाल समोरासमोर बसतात, दोनचार दिवस भांडतात, मग दोघं सही करतात. बाजार समितीत सगळे जुने करार लावून ठेवलेले असतात. आणि गावातली बाकीची मजुरी त्याच्याच मागे चालते. हमाली वाढली की डाळमिलमध्ये निवडायला येणाऱ्या बायांचा रोज वाढतो, मग दुकानातल्या नोकरांचा. गावातली ही एकच कमाई अशी होती जिच्यात कुणाला खोटं बोलून चालत नव्हतं.

"अप्पा, लोकांच्या कमाईचं माप म्हणून हमाली धरू का?"

"धरा की. बिनधास्त धरा. मी सही देतो."

मी लगेच टिपणी लिहिली आणि त्यांनी लगेच सही केली. ग्यानोबा मात्र गंभीर झाला. ट्रकपासून बाजूला येऊन म्हणाला, "ताई, ह्यात आमची वाडी मरणार का?"

मोंढ्याच्या मागे हमालवाडी आहे. दोन दोन खोल्यांची घरं. अलीकडेच पत्रे जाऊन स्लॅब पडले होते, आणि स्लॅब पडला म्हणून घरपट्टी आधीच एकदा वाढली होती. पट्टी थकली की आम्ही नळ तोडतो. मागच्या उन्हाळ्यात वाडीतले पाचसहा नळ तोडले होते.

"दीडपट झाली तर निम्मी वाडी भरणार न्हाई," ग्यानोबा म्हणाला. "तुम्ही नळ तोडताल. माझ्या पोराची सोयरीक चालू हाय, रेणापूरची. पाव्हणे घर बघायला येणार. नळाला पाणी न्हाई अशा घरात कोण पोरगी देईल?"

मी म्हटलं, "मला अजून आकडा माहीत नाही, दादा. जो येईल तो लिहीन." याहून जास्त मला सांगता येत नव्हतं आणि त्याचं मला वाईट वाटलं.

बाजार समितीतून जुने करार आणले, नवा दर आणि दहा वर्षांपूर्वीचा दर शेजारी मांडला, आणि चक्रावले. पोत्यामागचा दर उलट थोडा खालीच आला होता. हमाली वाढलीच नव्हती. मी तक्ता घेऊन अप्पांकडे गेले तर त्यांचा चहा शर्टावर सांडला.

"वाढली न्हाई? अहो, देऊन देऊन माझी हाडं मोडली. पोतं कुठलं धरलं तुम्ही?"

"कुठलं म्हणजे? पोतं ते पोतं."

अप्पा खुर्चीवर मागे रेलले. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी त्यापूर्वी फक्त बगीच्याची फीत कापताना पाहिला होता. "मॅडम, तुम्ही जंगलातल्या. पहिले क्विंटलचं पोतं होतं, शंभर किलोचं. आता पन्नास किलोचा कट्टा आला. वजन निम्मं, दर जवळपास तोच. म्हंजी दर दुप्पट न्हाई का झाला?"

बरोबर होतं. मोंढ्यातलं शेंबडं पोरही ही चूक करणार नाही, पण मोंढ्याबाहेरचा कुणीही करेल. मी सगळे करार परत मांडले. पण मधल्या काही वर्षांत पोतं चालत होतं आणि कट्टाही चालत होता, दोघांचे दर वेगळे. पोत्याचा दर शेवटी शेवटी वाढवलेला, कट्ट्याचा सुरुवातीला कमी ठरलेला आणि अजूनही पोत्याच्या जुन्या दराच्या खालीच. सगळं एका क्विंटलवर आणलं तेव्हा खरा आकडा निघाला. दहा वर्षांत हमाली दीडपटीच्या थोडी पुढे गेली होती. दुप्पट नाही. आणि गावाचा खर्च दुपटीच्या बराच पुढे.

सीओंच्या केबिनमध्ये अप्पांनी नवा तक्ता दोनदा वाचला. मग सीओंकडे पाहिलं. सीओंनी माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, दुसरं एखादं माप?" सीओ हळूच म्हणाले.

"टिपणीवर अध्यक्षांची सही आहे, साहेब. आणि माप मनाजोगतं निघालं नाही म्हणून बदललं, तर मी तक्त्याखाली माझी सही करणार नाही."

 बोलून मला बरं वाटलं. अप्पा रागावले नाहीत. ते फक्त खूप नवल करत होते. "दरवेळी करारात मी हरलो असंच मला वाटलं," ते म्हणाले. "मग गावाचा पैसा गेला कुठं?" माझ्याकडे उत्तर होतं, पण ते टँकरचं होतं आणि वेळ बरी नव्हती.

तरी अप्पा व्यापारी माणूस. उठता उठता त्यांना सुचलं. "दर म्हंजी कमाई न्हाई. दर गुणिले फेऱ्या म्हंजी कमाई. कट्टा हलका झाला, फेऱ्या वाढल्या, माल वाढला. हमालांची महिन्याची कमाई लई वाढली असणार. ते मी सुनावणीत ग्यानोबाच्या तोंडून वदवतो." आणि हसत निघून गेले. त्यांच्या हसण्याचं कारण मला तेव्हा कळलं नाही.

सुनावणीच्या दिवशी सभागृह भरलं होतं. मी तक्ता वाचला. टाळ्या पडल्या, विशेषतः जिथे सत्कारांचा खर्च आला तिथे. मग अप्पा उभे राहिले आणि फेऱ्यांचा मुद्दा मांडला. शांतपणे, चांगला मांडला. मग म्हणाले, "मी कशाला सांगू? ग्यानोबा बसलाय. ग्यानोबा, ऊठ. तुझा पोरगा तुझ्याच टोळीत हाय. सांग बरं सगळ्यांना, त्याची कमाई कशी हाय. आन् मोठ्यानं सांग, मागं तुझे रेणापूरचे पाव्हणे बसलेत, त्यांना बी ऐकू येऊ दे."

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. शेवटच्या रांगेत फेटा बांधलेले एक गृहस्थ बसले होते, शेजारी त्यांचा भाऊ. घर बघायला आले होते, आणि ग्यानोबाने कौतुकाने त्यांना सभा बघायला आणलं होतं. अप्पांना हे आधीच कळलं असणार. आता ग्यानोबा अडकला. कमाई कमी सांगितली तर सोयरीक मोडणार. जास्त सांगितली तर सगळ्या गावासमोर अप्पांचं म्हणणं खरं ठरणार, घरपट्टी दीडपट होणार आणि वाडीचे नळ जाणार. मला अप्पांचा संताप आला. हा डाव बरा नव्हता.

ग्यानोबा उठला. टॉवेल एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला. एकदा पाहुण्यांकडे बघितलं, एकदा अप्पांकडे.

"लई चांगली हाय, अप्पा," तो म्हणाला.

सभागृहात कुजबुज सुरू झाली. अप्पा प्रसन्न झाले.

"तुम्ही म्हणता त्याच्याहून चांगली हाय. दुपटीच्या वर गेली, तुमच्या खर्चावानी. मी न्हाई म्हणत न्हाई. फकस्त एक करा. माझे पाव्हणे नुसत्या शब्दावर ऐकणारे न्हाईत. पुढल्या म्हैन्यात आपला हमालीचा करार हाय. तुम्ही आत्ता जी कमाई सगळ्यासमोर बोललात ना, ती हातात पडंल असा दुपटीचा दर कागदावर लिवा आन् सही करा. म्हंजी पाव्हण्याला कागद दावतो, आन् घरपट्टी बी खुशीनं भरतो. सगळी वाडी भरंल."

 मग मोंढ्यातले व्यापारी एकदम ओरडू लागले, "अप्पा, न्हाई म्हणा." आणि बाकी सगळं सभागृह हसायला लागलं. शेवटच्या रांगेतले फेटेवाले इतके हसले की त्यांना ठसका लागला. अप्पा उभेच होते. अध्यक्ष म्हणून कमाई वाढली म्हणायचं आणि मिलवाला म्हणून वाढली नाही म्हणायचं, हे एका तोंडाने जमत नव्हतं. मग तेही हसले. मला वाटतं, ते हसले म्हणून ते अध्यक्ष होते.

"मॅडम," ते माझ्याकडे वळले, "यातून वाट काढा."

वाट समोरच होती. मी उभी राहिले. "अप्पा, माप तुम्हीच मान्य केलंय. मग तेच पुढेही ठेवू. हमाली जितकी वाढेल, तितकीच घरपट्टी वाढेल. आणि गावाचा खर्चही तेवढाच वाढेल, एक पैसा जास्त नाही. आजवर जो पुढे गेलाय तो मागे कसा आणायचा, ते मी सांगते."

मग मी टँकरचं सांगितलं. लोकांना वाटलं मी चेष्टा करते आहे. टँकरचा कप्पा त्याच दिवशी बंद झाला. सत्काराचा नारळापुरता उरला. कमानीचं काय करायचं ते अप्पांनी स्वतःच सांगितलं, "माझ्या मिलच्या पैशातून करतो, नंदी एकच बसवतो." ठराव लिहिताना सीओ अडले. ठरावात हमाली कसं लिहायचं? शेवटी लिहिलं, 'स्थानिक प्रचलित मजुरीदरातील वाढीच्या प्रमाणात.' सभेत कुणाला ते वाचून समजलं नाही, पण सगळ्यांना अर्थ माहीत होता.

सुनावणी संपल्यावर मी ग्यानोबाला विचारलं, "भीती नाही वाटली?"

"वाटली की, ताई," तो म्हणाला. "पण अप्पा खिसा धरूनच बोलतोय. त्याच्या खिशाकडं बोट दावलं की तो बरोबर येतो."

सोयरीक तिथेच पक्की झाली. व्याही म्हणाले म्हणे, ज्याचा बाप भर सभेत अध्यक्षाला गप्प करतो, त्या पोराची कमाई विचारायची गरज नाही.

पुढच्या महिन्यात करार होता. मला तिथे काही काम नव्हतं, पण मी रजा टाकून गेले. असा तमाशा रोज बघायला मिळत नाही. आठवडाभर आधीपासून गावात गंमत चालली होती. ज्या दुकानदारांनी ग्यानोबाला कधी खुर्ची दिली नव्हती, ते त्याला बोलावून चहा पाजत होते आणि हळूच सांगत होते, "मुकादम, जास्त ताणू नका बरं. तुमची हमाली वाढली की आमची घरपट्टी वाढती." आणि नगरपरिषदेत सफाईवाले, दिवाबत्तीवाले अप्पांना सांगत होते, "अप्पा, हमाली चांगली वाढवा, आमचे पगार त्याच्यावर हायत." गावात प्रत्येकाला पहिल्यांदाच दुसऱ्याच्या मजुरीची काळजी लागली होती.

बैठकीत दोघं समोरासमोर बसले. ग्यानोबाने नेहमीप्रमाणे मोठा आकडा सांगितला. नेहमी अशा वेळी अप्पा उठून निघून जायचे आणि त्यांना दारातून परत आणावं लागायचं. त्या दिवशी ते उठले नाहीत. त्यांनी कागदावर काहीतरी केलं, मिलवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या, आणि म्हणाले, "ठीक हाय. देतो."

ग्यानोबा बघतच राहिला. इतक्या वर्षांत पहिल्या आकड्याला होकार आला नव्हता. त्याने टॉवेल हातात घेतला, घडी घातली, उलगडली. मग माझ्याकडे झुकून म्हणाला, "ताई, ह्या दरानं माझ्या घराची पट्टी किती व्हईल?"

मी सांगितलं. त्याने बोटांवर काहीतरी मोजलं.

"अप्पा," तो म्हणाला, "थोडं कमी करा."

"घे रे, घे," अप्पा म्हणाले. "गावाला लागतंय."

शेवटी थोडं कमी करून सही झाली, आणि ते कमी हमालांच्या मुकादमाने करून घेतलं होतं. घरपट्टी वाढली, पण दीडपटीच्या जवळपासही गेली नाही. त्या वर्षी हमालवाडीत एकही नळ तोडावा लागला नाही.

त्यानंतर मी आणखी दोन नगरपरिषदांत काम केलं आणि मग निवृत्त झाले. आता नांदेडला असते. नोकरीत असताना नव्या गावात रुजू झाले की पुढारी मला खर्च किती वाढवायचा ते सांगायचे, आणि मी त्यांना एकच विचारायचे: तुमच्या गावात अशी कोणती कमाई आहे, जिच्यावर देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची दोघांची सही आहे? बहुतेक जण आधी चहा मागवायचे. चहा यायच्या आत अंदाजपत्रकातली निम्मी वाढ ते स्वतःच मागे घ्यायचे.